विधानामागचे गृहीतक कसे ओळखावे : नव्याने तयारी करणाऱ्यांसाठी

तर्कक्षमतेच्या प्रश्नपत्रिकेत ‘विधान आणि गृहीतके’ हा भाग दिसायला सर्वांत सोपा असतो. त्यात आकडेमोड नसते, आकृत्या नसतात, बैठकव्यवस्थेची कोडी नसतात. दोन ओळींचे एक विधान असते आणि त्याखाली दोन-तीन छोटी वाक्ये. याच समजुतीने मी हा भाग तयारीच्या यादीत अगदी तळाशी ठेवला होता. पहिल्या सराव चाचणीत असे पाच प्रश्न आले, पाचही मी निःशंकपणे सोडवले आणि त्यांतले चार चुकले. उत्तरतालिका दोन-तीनदा वाचल्यावर लक्षात आले की, प्रत्येक पर्यायापुढे मी ‘हे खरे आहे का?’ असे मनाशी विचारत होतो, तर प्रश्न होता ‘बोलणाऱ्याने हे मानलेले आहे का?’ हे दोन प्रश्न अगदी वेगळे आहेत. धडधडीत खोटी गोष्टही एखाद्याच्या बोलण्यामागचे गृहीतक असू शकते आणि सर्वांना मान्य असलेले सत्यही त्या बोलण्याशी संबंध नसल्यामुळे गृहीतक ठरत नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका फरकावर उभ्या आहेत.

तयारीला फारसे साहित्य लागत नाही. ज्या परीक्षेला बसायचे आहे तिच्या मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका व त्यांच्या अधिकृत उत्तरतालिका, एक वही, पेन्सिल आणि वेळ लावण्यासाठी घड्याळ एवढे पुरते. अधिकृत उत्तरतालिकेचा आग्रह धरण्याचे कारण असे की, बाजारातील सरावसंचांमध्ये गृहीतकाचा अर्थ कधी फार सैल, तर कधी फार काटेकोर घेतलेला असतो. एकाच धाटणीच्या प्रश्नाला दोन संचांत दोन उत्तरे आढळली की नवशिक्याचा स्वतःच्या तर्कावरचा विश्वास उडतो. सुरुवातीला एकच विश्वासार्ह संच घ्यावा आणि तो पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये.

१. प्रश्नाची भाषा आधी वाचा

‘गृहीतक’ हा शब्द तीन प्रकारच्या प्रश्नांत येतो आणि तिन्ही ठिकाणी अपेक्षा थोडी निराळी असते. बँकांच्या व अन्य भरती परीक्षांत एक विधान देऊन ‘खालीलपैकी कोणते गृहीतक विधानात अंतर्भूत आहे’ असे विचारतात. तेथे बोलणारा कोणती गोष्ट न सांगता मानून चालला आहे, एवढेच पाहायचे असते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सीसॅटमध्ये (नागरी सेवा पूर्वपरीक्षेतील कल चाचणीच्या पेपरात) उताऱ्यावर आधारित गृहीतके देऊन त्यांपैकी वैध कोणती, असे विचारतात; तेथे उताऱ्याची मर्यादा सोडून बाहेरचे ज्ञान आत आणले की उत्तर हमखास चुकते. एलसॅटसारख्या (अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठीच्या) परीक्षेत आवश्यक गृहीतक आणि पुरेसे गृहीतक असा भेद केलेला असतो. ज्याच्याशिवाय युक्तिवाद कोसळतो ते आवश्यक. जे मानले की निष्कर्ष निर्विवादपणे सिद्ध होतो ते पुरेसे. ‘या युक्तिवादासाठी काय मानावे लागते?’ असे विचारले असेल तर पहिले शोधायचे आणि ‘काय मानल्यास निष्कर्ष निघतो?’ असे विचारले असेल तर दुसरे. नवशिक्याने पहिल्यावरच हात बसवावा, कारण बहुतेक प्रश्न त्याच प्रकारचे असतात.

२. विधानाची फोड करा : आधार कोणता, दावा कोणता

विधान वाचताच पर्यायांकडे धाव घेऊ नका. आधी पेन्सिलने दाव्याखाली एक रेघ ओढा. ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘तेव्हा’, ‘सबब’, ‘यावरून दिसते की’ या शब्दांनंतर बहुधा दावा येतो. ‘कारण’, ‘ज्या अर्थी’, ‘-मुळे’ यांच्याजवळ आधार असतो. मराठीत दावा आधी सांगून कारण मागाहून जोडण्याची पद्धत सर्रास आहे, तेव्हा शेवटचे वाक्य म्हणजेच निष्कर्ष, असे धरून चालू नये.

काही विधानांत आधार-दावा अशी उघड रचनाच नसते. सूचना, जाहिरात, आवाहन, आदेश ही त्याची उदाहरणे. अशा वेळी ‘हे बोलून बोलणाऱ्याला काय साधायचे आहे?’ असे विचारावे. तो हेतू हाच तेथील दावा समजावा.

३. दोहोंमधली फट शोधा

आधारात नसलेला एखादा नवा शब्द दाव्यात अचानक डोकावतो का, हे पाहणे ही माझ्या मते या विषयातील सर्वांत उपयोगी सवय आहे. गृहीतक बहुतेक वेळा त्या नव्या शब्दापाशीच दबा धरून बसलेले असते. पुढील विधान पाहा.

‘वाचनालयाने पुस्तक परत करण्याची मुदत वाढवल्यापासून उशिरा परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली आहे, तेव्हा वाचक पूर्वीपेक्षा अधिक जबाबदारीने वागू लागले आहेत.’

आधारात मुदत आहे, उशीर आहे, घट आहे. ‘जबाबदारी’ कोठेच नाही. ती थेट दाव्यात अवतरली. म्हणजे बोलणाऱ्याने उशिरा येणाऱ्या पुस्तकांची घट आणि वाचकांची जबाबदारी यांची सांगड स्वतःच्या मनात घातलेली आहे. आता जरा थांबून विचार करा. मुदतच लांबवली तर पूर्वी ज्या दिवशी पुस्तक उशिरा ठरत होते, त्याच दिवशी ते आता वेळेत ठरेल. वाचकाच्या वागण्यात काडीचाही फरक न पडता संख्या घटेल. त्यामुळे ‘ही घट केवळ मुदत वाढल्यामुळे झालेली नाही’ हे या विधानाचे गृहीतक आहे. ‘नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची एकूण संख्याच मोठ्या प्रमाणात कमी झालेली नाही’ हेही गृहीतकच, कारण पुस्तके कमी गेली तर उशिरा येणारीही कमीच असतील. मात्र ‘पूर्वीचे सर्व वाचक बेजबाबदार होते’ हे गृहीतक नाही. ‘अधिक’ या शब्दाने केवळ तुलना होते आणि मुळात चांगल्या असलेल्या गोष्टीतही सुधारणा होऊ शकते.

एका विधानामागे अनेक गृहीतके असू शकतात, हे या उदाहरणातून ध्यानात ठेवावे. तुमच्या मनात आलेले गृहीतक पर्यायांत नसेल म्हणून गोंधळून जाऊ नये; परीक्षक दुसरे एखादे देतो.

४. नकार कसोटी लावा

पर्याय हाती आला की त्याचा नकार करायचा आणि तो नकार विधानाशेजारी ठेवून वाचायचा. विधान अर्थहीन झाले किंवा त्याचा दावा लुळा पडला, तर तो पर्याय गृहीतक होय. विधान पूर्वीसारखेच उभे राहिले, तर तो गृहीतक नव्हे. कसोटी एवढीच, पण ती लावताना बहुतेकांचा नकारच चुकतो, म्हणून येथे थोडे रेंगाळणे भाग आहे.

‘सर्व जण येतील’ याचा नकार ‘कोणीही येणार नाही’ असा होत नाही. तो ‘निदान एक जण तरी येणार नाही’ असा होतो. ‘काही जण येतील’ याचा नकार मात्र ‘एकही जण येणार नाही’. ‘नेहमी’चा नकार ‘कधी कधी नाही’, ‘बहुतेक’चा नकार ‘निम्मे किंवा त्याहून कमी’. ‘अ आणि ब दोन्ही’ याचा नकार करताना ‘अ’ही नाही आणि ‘ब’ही नाही असे म्हणण्याची गरज नसते, दोहोंपैकी एक नसले तरी पुरे. ‘सरावाशिवाय यश मिळत नाही’ याचा नकार ‘सरावाने यश मिळत नाही’ असा करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्याचा खरा नकार ‘सराव न करताही यश मिळू शकते’ हा आहे.

आता एक उदाहरण सावकाश सोडवू. एका यंत्रावर सूचना लिहिलेली आहे : ‘पंप चालू असताना जाळीच्या आत हात घालू नये.’ तिच्याखाली चार पर्याय आहेत.

पहिला पर्याय : ‘पंप चालू असताना आत हात घातल्यास अपाय होण्याचा संभव आहे.’ नकार केला की ‘अपायाचा मुळीच संभव नाही’ असे होते. मग ही सूचना लिहिण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून हे गृहीतक आहे.

दुसरा पर्याय : ‘सूचना वाचणाऱ्यांपैकी निदान काही जण ती पाळतील.’ नकार : ‘एकही जण ती पाळणार नाही.’ असे मानणारा माणूस सूचना लावण्याऐवजी जाळीला कुलूप घालील. म्हणून हेही गृहीतक.

तिसरा पर्याय : ‘सूचना वाचणारा प्रत्येक जण ती पाळेल.’ नकार : ‘निदान एक जण पाळणार नाही.’ इतर जण पाळणार असतील तर सूचना अजूनही उपयोगाचीच आहे. म्हणून हे गृहीतक नाही. दुसरा आणि तिसरा पर्याय वरवर सारखेच वाटतात. परीक्षक त्याच साम्याचा फायदा घेतो.

चौथा पर्याय : ‘यापूर्वी कोणाला तरी येथे इजा झालेली आहे.’ नकार : ‘यापूर्वी कोणालाही इजा झालेली नाही.’ त्याने सूचनेचे काहीच बिघडत नाही, कारण सावधगिरीसाठी अपघाताची वाट पाहावी लागत नाही. हा पर्याय मला सर्वाधिक वेळा फसवून गेला आहे. सूचना वाचली की मन आपोआप तिच्यामागची एखादी कहाणी रचते आणि ती कहाणी आपल्याला विधानाचाच भाग वाटू लागते.

५. पर्याय विधानाच्या मागे आहे, पुढे आहे की तेथेच आहे?

गृहीतक विधानाच्या मागे असते. ते आधी मानलेले असते. अनुमान विधानाच्या पुढे असते. विधान मान्य केल्यावर ते निघते. तिसरा प्रकार पुनरुक्तीचा, म्हणजे विधानात उघड सांगितलेलीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडण्याचा. उघड सांगितलेले कधीही अंतर्भूत गृहीतक नसते.

मागचे आणि पुढचे यांतला भेद समजण्यासाठी मीमांसकांनी (भारतीय तत्त्वज्ञानातील मीमांसा दर्शनाच्या अनुयायांनी) अर्थापत्तीसाठी, म्हणजे दिसणाऱ्या गोष्टीचा मेळ बसावा म्हणून न दिसणारी गोष्ट मानण्यासाठी, दिलेले जुने उदाहरण मला फार उपयोगी पडले. ‘लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही’ हे पाहून ‘तो रात्री जेवत असला पाहिजे’ असे म्हटले जाते. (मीमांसक अर्थापत्तीला ज्ञानाचे स्वतंत्र साधन मानतात, न्यायदर्शनाचे अनुयायी तिचा समावेश अनुमानात करतात, परीक्षेपुरता हा वाद बाजूला ठेवला तरी चालेल.) ‘तो रात्री जेवतो’ हे या विचाराचे फलित आहे, गृहीतक नव्हे. गृहीतक आहे ते ‘न जेवता माणूस लठ्ठ राहू शकत नाही’ हे, जे कोणी उच्चारतसुद्धा नाही. त्याचा नकार करून पाहा : न जेवताही लठ्ठ राहता येत असेल, तर देवदत्ताच्या रात्रीच्या जेवणाबद्दल काहीच सांगता येत नाही.

६. विधानाचा प्रकार ओळखा

सूचना आणि आवाहन यांची तऱ्हा वर पाहिलीच. सल्ल्याच्या विधानांत ‘जर-तर’ची रचना असते आणि तेथे एक बारीक सापळा आहे. ‘मजकुरात चुका राहू नयेत असे वाटत असेल, तर तो मोठ्याने वाचून पाहा’ हे विधान घ्या. ‘मोठ्याने वाचल्याने चुका लक्षात येण्यास मदत होते’ हे गृहीतक आहे. ‘मोठ्याने वाचणे हाच चुका शोधण्याचा एकमेव उपाय आहे’ हे नाही. आणि ‘ऐकणाऱ्याला मजकूर निर्दोष हवा आहे’ हेही काटेकोरपणे पाहता नाही, कारण ती गोष्ट बोलणाऱ्याने मानलेली नसून ‘जर’ लावून अट म्हणून उघड मांडलेली आहे.

कार्यकारणाची विधाने सर्वांत समृद्ध, आणि कठीण प्रश्नांचा मोठा वाटा त्यांचाच असतो. ‘ज्या विद्यार्थ्यांनी सराव चाचण्या जास्त दिल्या त्यांना अंतिम परीक्षेत जास्त गुण मिळाले, म्हणजे सराव चाचण्यांमुळे गुण वाढतात.’ आधारात दोन गोष्टी एकत्र आढळल्याचे सांगितले आहे. दाव्यात मात्र एकीमुळे दुसरी घडली असे म्हटले आहे. ही उडी मारताना बोलणाऱ्याने किमान तीन दारे बंद आहेत असे मानले आहे. मुळातच अभ्यासू असणे हे चाचण्या जास्त देण्याचे आणि गुण जास्त मिळण्याचे समान कारण नाही, हे पहिले. चांगले गुण मिळण्याची खात्री असलेलेच विद्यार्थी उत्साहाने चाचण्या देतात अशी उलटी दिशा येथे नाही, हे दुसरे. हा निव्वळ योगायोग नाही, हे तिसरे. कार्यकारणाचे कोणतेही विधान समोर आले की ही तीन दारे पाठ म्हणावीत. आवश्यक गृहीतक विचारले असेल, तर योग्य पर्याय बहुधा यांपैकी एखाद्या दाराला अडसर घालणारा असतो आणि म्हणूनच तो नकारार्थी वाक्यात येतो. नवशिके नकारार्थी पर्याय नीट न वाचता पुढे सरकतात.

योजना किंवा निर्णय असेल तर ती अमलात आणणे शक्य आहे आणि तिने मूळ प्रश्न काही अंशी तरी सुटेल, ही दोन गृहीतके पाहावीत. भाकीत असेल तर आजची परिस्थिती पुढेही फारशी बदलणार नाही, हे. पाहणीवर आधारलेले विधान असेल तर निवडलेले लोक बाकीच्यांचे प्रतिनिधी ठरण्याजोगे आहेत, हे. आकड्यांच्या विधानांत प्रमाण आणि संख्या यांची अदलाबदल झाली आहे का, एवढे तपासले तरी पुष्कळ काम होते.

७. नेहमीचे सापळे

‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘एकमेव’, ‘सर्वोत्तम’ असे टोकाचे शब्द असलेला पर्याय बहुधा चुकीचा असतो, हे प्रत्येक मार्गदर्शक सांगतो आणि ते बरोबरही आहे; पण त्याचे सूत्र बनवून डोळे मिटून वापरू नये. विधानच टोकाचे असेल तर गृहीतकही तसेच असू शकते. ‘गळती थांबवायची तर झडप बदलण्यावाचून गत्यंतर नाही’ असे कोणी म्हटले, तर ‘दुरुस्तीने ही गळती कोणत्याही प्रकारे थांबणार नाही’ हा कडक शब्दांतला पर्याय बिनचूक गृहीतक आहे.

दुसरा सापळा बाहेरच्या ज्ञानाचा. विषय ओळखीचा असला की आपली मते आत शिरतात, आणि अभ्यासू उमेदवार यात जास्त अडकतात. तिसरा सापळा चांगुलपणाचा : नीतीला धरून असलेले वाक्य खोडायला हात धजावत नाही. चौथा शब्दसाम्याचा : विधानातलेच चार शब्द उचलून घडवलेला पर्याय ओळखीचा वाटतो, पण त्याचे तर्काशी काहीच नाते नसते.

८. उत्तर नोंदवताना

दोन गृहीतके दिलेली असतील तर प्रत्येकाचा निवाडा स्वतंत्रपणे करा, बाजूला ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा आणि मगच ‘केवळ पहिले’, ‘केवळ दुसरे’, ‘दोन्ही’, ‘एकही नाही’ या पर्यायांकडे पाहा. ‘पहिले किंवा दुसरे’ हा पर्याय, दोन्ही गृहीतके एकमेकांच्या विरुद्ध असून त्यांपैकी एक तरी मानल्याशिवाय विधान उभेच राहत नाही, अशा क्वचित प्रसंगीच लागू पडतो. निर्णय होत नाही म्हणून तो निवडणे ही सुटका नव्हे.

वेळेचा हिशेब परीक्षेनुसार बदलतो. सीसॅटमध्ये १२० मिनिटांत ८० प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट, आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. तेथे नकार कसोटी दोनदा लावूनही दोन पर्यायांत अडकलात तर प्रश्न सोडून पुढे जाणे शहाणपणाचे ठरू शकते. एलसॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे तेथे एकही प्रश्न कोरा ठेवू नये.

९. चुकांची वही ठेवा

सरावाचे पहिले दोन आठवडे घड्याळ लावू नका. रोज पाचच प्रश्न घ्या. पण प्रत्येक पर्यायाचा नकार पूर्ण वाक्यात लिहून काढा. मनातल्या मनात केलेला नकार अर्धवट राहतो आणि तो अर्धवट आहे हे कळतही नाही. चुकलेला प्रश्न वहीत उतरवताना योग्य उत्तर लिहून थांबू नका. चूक कोणत्या जातीची होती ते एका-दोन शब्दांत शेजारी लिहा. मी पाच शब्द ठरवले होते : ‘पुढे गेलो’, ‘नकार चुकला’, ‘बाहेरचे ज्ञान’, ‘टोकाचा शब्द’ आणि ‘पुनरुक्ती’. महिनाभराने पाने चाळली तेव्हा निम्म्याहून अधिक ठिकाणी ‘पुढे गेलो’ असे लिहिलेले सापडले, म्हणजे अनुमानालाच मी गृहीतक समजत होतो. त्यानंतरचा आठवडाभर मी नवा प्रश्न हाती घेतला नाही. जुन्याच प्रश्नांतील प्रत्येक पर्यायासमोर ‘मागे’, ‘पुढे’ किंवा ‘तेथेच’ एवढेच लिहीत गेलो.